ओपनबीएसडी बसवताना सगळे कोअर कामाला कसे लावायचे

ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 'मल्टिप्रोसेसर चालू करा' असं बटण कुठेच नाही. नवखे लोक ते शोधत बसतात, सापडत नाही, आणि चार कोअरचं मशीन महिनोन्‌महिने एका कोअरवर चालत राहतं. इथे फरक पडतो तो कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, फाइलीमुळे. एका प्रोसेसरसाठीचं कर्नल वेगळं, अनेक प्रोसेसरसाठीचं वेगळं. मशीन सुरू होताना यांपैकी जे कर्नल चढेल, त्यावर बाकी सगळं ठरतं. इन्स्टॉलरला कोअर दिसले तर तो योग्य कर्नल आपणहून बसवतो. म्हणून खरी मेहनत इन्स्टॉल सुरू करण्याआधीच करायची: सगळे कोअर इन्स्टॉलरच्या नजरेस पडतील अशी तजवीज करून ठेवायची.

लेखातल्या कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती लहान इंग्रजी अक्षरांत (वेगळं सांगितलं असेल ते सोडून), मधली टिंबं आणि तिरप्या रेघा जशाच्या तशा ठेवून टाइप करावीत. उदाहरणं एएमडी६४ प्लॅटफॉर्मची, म्हणजे आजच्या नेहमीच्या इंटेल आणि एएमडी मशीनची आहेत.

तीन कर्नल, तीन कामं

इन्स्टॉलच्या सामानात तीन कर्नल असतात. 'बीएसडी' हे एका प्रोसेसरसाठीचं, 'बीएसडी.एमपी' अनेक प्रोसेसरसाठीचं आणि 'बीएसडी.आरडी' हे इन्स्टॉल व दुरुस्तीसाठीचं, मेमरीतूनच चालणारं छोटं कर्नल. पहिल्या दोघांची अंतर्गत नावं 'जेनेरिक' आणि 'जेनेरिक.एमपी' अशी आहेत. पुढे तपासणी करताना हीच नावं दिसतील.

दोन वेगळी कर्नल ठेवण्यामागे कारण आहे. अनेक कोअर एकाच वेळी कर्नलच्या आत शिरले तर एकाच माहितीवर दोघांचा हात पडू शकतो. तसं होऊ नये म्हणून जागोजागी कुलुपं लागतात, आणि कुलूप लावण्या-काढण्यात वेळ जातो. मशीनमध्ये एकच कोअर असेल तर हा खर्च फुकट, म्हणून साध्या कर्नलमधून तो भाग कंपाइल करतानाच वगळलेला असतो. बीएसडी.एमपी एका कोअरच्या मशीनवरही नीट चालतं, थोडं जड पडतं एवढंच. उलट साधं कर्नल आठ कोअरच्या मशीनवर चढवलं तर ते तक्रार न करता एकच कोअर वापरतं आणि बाकीचे सात तसेच सोडून देतं. स्क्रीनवर चूक म्हणून काहीही दिसत नाही, त्यामुळे ही गोष्ट मुद्दाम तपासावी लागते.

ही सोय ओपनबीएसडीत २००४ साली आवृत्ती ३.६ पासून, आधी आय३८६ आणि एएमडी६४ या दोन प्लॅटफॉर्मवर आली.

आधी बायोस, मग पेनड्राइव्ह

मशीन सुरू करून बायोस किंवा यूईएफआयच्या सेटिंगमध्ये जा. तीन गोष्टी पाहायच्या आहेत.

पहिली, सक्रिय कोअरची संख्या. बऱ्याच बोर्डांवर 'ॲक्टिव्ह प्रोसेसर कोअर्स' अशा नावाची ओळ असते. ती 'ऑल'वर हवी. जुनी मशीन विकत घेतली असतील तर हे हमखास बघा, कारण आधीच्या मालकाने उष्णता किंवा वीज वाचवायला कोअर कमी करून ठेवलेले असू शकतात.

दुसरी, एसीपीआय, म्हणजे हार्डवेअरची माहिती सिस्टिमला देणारी व्यवस्था. जुन्या बोर्डांवर ते बंद करायची सोय असते. ते चालूच हवं. मशीनमध्ये किती प्रोसेसर आहेत आणि त्यांचे क्रमांक काय, याची यादी कर्नलला एसीपीआयच्या एका तक्त्यातून मिळते. तक्ताच मिळाला नाही तर बाकीचे कोअर असून नसल्यासारखे होतात. इंटरनेटवरच्या जुन्या सल्ल्यांमध्ये 'अडलं तर एसीपीआय बंद करून बघा' असं वारंवार सांगितलेलं दिसतं. मल्टिप्रोसेसर मशीनवर तो सल्ला अजिबात ऐकू नका.

तिसरी, सिक्युअर बूट बंद करा. ओपनबीएसडीचा बूटलोडर त्यासाठी सही केलेला नसतो, त्यामुळे ते चालू असेल तर पेनड्राइव्हवरून मशीन सुरूच होणार नाही.

हायपरथ्रेडिंगची सेटिंग आहे तशी राहू द्या. तिच्याबद्दल पुढे बोलू.

आता प्रतिमा फाइल. आवृत्ती ७.७ असेल तर 'इन्स्टॉल७७.आयएमजी' ही फाइल एएमडी६४ च्या फोल्डरमधून उतरवा. त्याच फोल्डरमधल्या शा२५६ च्या यादीशी तिचा चेकसम (फाइल शाबूत आहे का ते ओळखायचा आकडा) जुळतो का ते पाहा. मग ती फाइल पेनड्राइव्हवर लिहा. २ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. लिनक्सवर 'डीडी' वापरा. विंडोजवर रूफस वापरत असाल तर लिहिण्याची पद्धत विचारल्यावर 'डीडी' हीच निवडा. फाइल नुसती कॉपी करून पेस्ट केली तर पेनड्राइव्ह बूट होत नाही. डीडी चालवताना डिस्कचं नाव दोनदा वाचा, कारण नाव चुकलं तर दुसऱ्याच डिस्कवरचा डेटा पुसला जाईल.

इन्स्टॉल सुरू करण्याआधी शेलमध्ये एक फेरी

पेनड्राइव्हवरून मशीन सुरू झालं की इन्स्टॉल, अपग्रेड, ऑटोइन्स्टॉल की शेल असं विचारलं जातं. लगेच 'आय' दाबू नका. 'एस' दाबून शेलमध्ये जा आणि हे टाइप करा:

सिससीटीएल एचडब्ल्यू.एनसीपीयूफाउंड

उत्तरात येणारा आकडा म्हणजे कर्नलला सापडलेले प्रोसेसर. इन्स्टॉलरही नेमका हाच आकडा बघून निर्णय घेतो. आय५-६५०० सारख्या चार कोअरच्या, हायपरथ्रेडिंग नसलेल्या चिपवर इथे ४ दिसेल. आय५-८२५०यू मध्ये चार कोअर आणि प्रत्येकी दोन थ्रेड आहेत, तिथे ८ दिसेल. आकडा १ आला तर इथेच थांबा, पुन्हा बायोसमध्ये जा आणि एसीपीआय व कोअरची संख्या तपासा. इन्स्टॉल उरकल्यावर हेच निस्तरायला जास्त वेळ लागतो.

इथे 'डीमेसेज' (अक्षरं डी-एम-ई-एस-जी; कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) चालवून पाहिलंत तर 'सीपीयू ॲट मेनबस०: नॉट कॉन्फिगर्ड' अशा ओळी दिसतील. त्या पाहून घाबरायचं कारण नाही. बीएसडी.आरडी हे एकाच प्रोसेसरवर चालणारं कर्नल आहे. बाकीचे कोअर त्याने पाहिले, पण वापरायला घेतले नाहीत, एवढाच या ओळींचा अर्थ. हीच ओळ इन्स्टॉलनंतर कायमच्या कर्नलमध्ये दिसली तर मात्र तुम्ही चुकीच्या कर्नलवर आहात हे नक्की.

आकडा बरोबर असेल तर 'एक्झिट' लिहून परत या आणि इन्स्टॉल निवडा.

इन्स्टॉलरचे प्रश्न

कीबोर्ड, होस्टनेम, नेटवर्क, रूटचा पासवर्ड हे प्रश्न मल्टिप्रोसेसरशी संबंधित नाहीत. कंसात दाखवलेलं उत्तर मान्य असेल तर नुसतं एंटर दाबत जा. टाइमझोन विचारल्यावर भारतातल्यांनी 'एशिया/कोलकाता' लिहावं (यातले ए आणि के मोठे). डिस्कची विभागणी पहिल्यांदा करत असाल तर ऑटो घ्या.

लक्ष द्यायचं ते सेट, म्हणजे सिस्टिमच्या फाइलींचे गठ्ठे, निवडताना. सेट कुठून घ्यायचे या प्रश्नाला, पूर्ण प्रतिमा वापरत असाल तर 'डिस्क' असं उत्तर देऊन पेनड्राइव्ह निवडा. 'शा२५६.सिग नाही, पडताळणीशिवाय पुढे जायचं का' अशा अर्थाचा प्रश्न येईल. इन्स्टॉल प्रतिमेच्या आत ती सहीची फाइल नसते. प्रतिमेचा चेकसम आधी तपासला असेल तर 'येस' लिहायला हरकत नाही.

मग सेटची यादी येते: बीएसडी, बीएसडी.आरडी, बीएसडी.एमपी, बेस७७, कॉम्प७७, मॅन७७, गेम७७ आणि एक्सचे (ग्राफिक स्क्रीनचे) चार. निवडलेल्या सेटपुढे चौकटी कंसात फुली असते. बीएसडी.एमपीपुढे फुली आहे ना, ते डोळ्यांनी पाहा. नसेल तर 'बीएसडी.एमपी' असं टाइप करून एंटर दाबा. यादी पुन्हा दिसेल, त्यात फुली आलेली असेल.

इथे एक चूक फार होते. जागा वाचवायची म्हणून लोक 'उणे तारा' (-*) देऊन सगळे सेट काढतात आणि मग एकेक आठवून परत घालतात. त्यात बीएसडी आणि बेस आठवतात, बीएसडी.एमपी राहून जातं. वगळायचंच असेल तर फक्त नको ते वगळा, म्हणजे 'उणे गेम तारा' किंवा 'उणे एक्स तारा'. कर्नलच्या तिन्ही फाइली राहू द्या. साधं बीएसडीही काढू नका, अडचणीच्या वेळी मशीन त्यावरूनच सुरू करावं लागतं.

सेट उतरल्यावर शेवटी स्क्रीनवर एक ओळ येते: 'मल्टिप्रोसेसर मशीन, युझिंग बीएसडी.एमपी इन्स्टेड ऑफ बीएसडी'. ही ओळ दिसली की काम झालं. या क्षणी इन्स्टॉलरने साध्या कर्नलचं नाव बदलून 'बीएसडी.एसपी' केलेलं असतं आणि बीएसडी.एमपीला 'बीएसडी' हे नाव दिलेलं असतं. म्हणजे इन्स्टॉलनंतर मूळ फोल्डरमध्ये (/) बीएसडी.एमपी नावाची फाइल दिसणार नाही. ती गायब झाली असं समजून पुन्हा आणून टाकायच्या फंदात पडू नका. मूळ फोल्डरमध्ये बीएसडी.एसपी दिसतेय म्हणजे अदलाबदल व्यवस्थित झाली.

त्यानंतर 'रीलिंकिंग टू क्रिएट युनिक कर्नल' अशी ओळ येते आणि थोडा वेळ जातो. २०१७ च्या आवृत्ती ६.२ पासून प्रत्येक मशीनवर कर्नलचे तुकडे वेगळ्या क्रमाने जोडले जातात. हल्लेखोराला कर्नलमधल्या पत्त्यांचा अंदाज बांधता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. दर वेळी मशीन सुरू झाल्यावर ही जोडणी पुन्हा होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, हाताने कर्नल बदलणाऱ्यांना ती पुढे नडते.

सुरू झाल्यावर तपासणी

पेनड्राइव्ह काढून मशीन पुन्हा सुरू करा आणि लॉगिन करून 'यूनेम -व्ही' चालवा. उत्तरात 'जेनेरिक.एमपी' आणि पुढे बिल्डचा क्रमांक हवा. नुसतं 'जेनेरिक' आलं तर साधं कर्नल चाललं आहे.

मग 'सिससीटीएल एचडब्ल्यू' चालवून हे चार आकडे एकत्र वाचा. वर सांगितलेल्या आय५-८२५०यू वर ते असे दिसतील:

एचडब्ल्यू.एनसीपीयू=८
एचडब्ल्यू.एनसीपीयूफाउंड=८
एचडब्ल्यू.एसएमटी=०
एचडब्ल्यू.एनसीपीयूऑनलाइन=४

'फाउंड' म्हणजे सापडलेले, 'एनसीपीयू' म्हणजे कर्नलने ताब्यात घेतलेले, 'ऑनलाइन' म्हणजे प्रत्यक्ष काम घेणारे, आणि 'एसएमटी' ० म्हणजे हायपरथ्रेडिंग बंद. फाउंड ८ आणि एनसीपीयू १ असेल तर कर्नल चुकलं आहे. दोन्हीकडे १ असेल तर दोष बायोसमध्ये किंवा व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये आहे. आणि वरच्यासारखे आकडे आले, म्हणजे ८ सापडले पण कामावर ४, तर काहीही बिघडलेलं नाही. ही हायपरथ्रेडिंगची बाब आहे.

आता खरा भार टाकून बघा. शेलमध्ये ही ओळ चार वेळा द्या:

व्हाइल :; डू :; डन &

मग 'टॉप' उघडा. प्रत्येक प्रोसेसरची वेगळी ओळ दिसेल आणि चार ओळींमध्ये 'युझर'चा आकडा शंभरच्या जवळ गेलेला असेल. ओळी एकत्रच दिसत असतील तर १ हा आकडा दाबा. पाहून झालं की 'किल %१ %२ %३ %४' देऊन चारही बंद करा.

निम्मेच प्रोसेसर का दिसतात

हायपरथ्रेडिंगमध्ये एका कोअरवर दोन थ्रेड चालतात आणि ते कॅशे वगैरे भाग वाटून घेतात. त्यामुळे एका थ्रेडवरचा प्रोग्राम शेजारच्या थ्रेडवर काय चाललं आहे याचा माग काढू शकतो. २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या अशा त्रुटी एकामागून एक बाहेर आल्या, तेव्हा ओपनबीएसडीने दुसरे थ्रेड मुळातच बंद ठेवायचं ठरवलं. आवृत्ती ६.४ पासून हेच चालत आलं आहे.

डीमेसेजमध्ये प्रत्येक प्रोसेसरपुढे 'एसएमटी ०, कोअर ०, पॅकेज ०' अशी ओळ असते. ज्यांच्यापुढे 'एसएमटी १' लिहिलेलं असतं, ते बंद ठेवलेले जोडीदार थ्रेड.

चालू करायचेच असतील तर '/ईटीसी/सिससीटीएल.कॉन्फ' या फाइलमध्ये 'एचडब्ल्यू.एसएमटी=१' ही ओळ घाला. आमचं मत स्पष्ट आहे: फायरवॉल, मेल सर्व्हर, किंवा अनेकांची खाती असलेलं कुठलंही मशीन असेल तर चालू करू नका. घरचं, एकट्याने वापरायचं, मोठे प्रोग्राम कंपाइल करायचं मशीन असेल तर करून पाहा आणि आधी-नंतरचा वेळ मोजा. चार थ्रेडचे आठ झाले म्हणून वेग दुप्पट होत नाही. नवखे लोक ही ओळ पहिल्याच दिवशी घालतात ते आकडा छान दिसावा म्हणून. त्यासाठी सुरक्षितता सोडू नये.

व्हर्च्युअल मशीनमध्ये

व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रोसेसरची संख्या १ पेक्षा जास्त करताना 'आय/ओ एपिक'ची चौकट चालू असावी लागते. क्यूईएमयूमध्ये 'एसएमपी'ला सॉकेट, कोअर आणि थ्रेड वेगवेगळे सांगता येतात. तिथे सॉकेट १, कोअर ४, थ्रेड १ असं सांगा. थ्रेड २ सांगितलेत तर ओपनबीएसडी त्यांना हायपरथ्रेडिंग समजून निम्मे प्रोसेसर बंद ठेवेल आणि कारण शोधताना तुमचा दिवस जाईल. ओपनबीएसडीच्या स्वतःच्या व्हीएमडीमध्ये मात्र पाहुण्या मशीनला एकच प्रोसेसर मिळतो, तिथे हा खटाटोप व्यर्थ आहे.

सगळ्यात जास्त फसगत भाड्याच्या क्लाउड मशीनवर होते. आधी एका प्रोसेसरचा स्वस्त प्लॅन घेतला, इन्स्टॉल केलं, मग चार प्रोसेसरच्या प्लॅनवर गेलो. इन्स्टॉलच्या वेळी एकच प्रोसेसर होता, म्हणून साधं कर्नल बसलं. प्लॅन बदलला तरी कर्नल आपोआप बदलत नाही, आणि पैसे चार प्रोसेसरचे जात राहतात.

आधीच साधं कर्नल बसलं असेल तर

पुन्हा इन्स्टॉल करायची गरज नाही. फाइली हाताने अदलाबदल करण्याचे उपाय सांगितले जातात, पण ते अर्धवट ठरतात. मूळ फोल्डरमधलं कर्नल बदललं तरी पुन्हा जोडणी करणाऱ्या व्यवस्थेकडे जुन्या कर्नलचा चेकसम आणि जुन्याच कर्नलचे तुकडे असतात. मशीन चालतं, पण दर बूटला होणारी जोडणी अडते.

स्वच्छ मार्ग असा. प्रोसेसर वाढवल्यानंतर मशीन पुन्हा सुरू करा. 'बूट>' अशी खूण दिसते तिथे 'बूट बीएसडी.आरडी' लिहा. या वेळी इन्स्टॉल नव्हे, 'यू' दाबून अपग्रेड निवडा, आणि आवृत्ती आहे तीच ठेवा. इन्स्टॉलरला आता जास्त प्रोसेसर दिसतात, त्यामुळे बीएसडी.एमपी निवडलं जातं, बेस सेटसोबत त्याचे तुकडेही येतात आणि जोडणी बरोबर होते. '/ईटीसी'मधल्या तुमच्या फाइली आणि होम फोल्डर जागच्या जागी राहतात, तरी आधी बॅकअप घ्यावा. अपग्रेडनंतर 'सिसपॅच' चालवायला विसरू नका, कारण त्या आवृत्तीचे मूळ सेट बसल्यामुळे आधीचे पॅच निघून गेलेले असतात.

आधी नुसती चाचणी करायची असेल तर त्याच आवृत्तीच्या फोल्डरमधून बीएसडी.एमपी उतरवून मूळ फोल्डरमध्ये ठेवा आणि बूटच्या खुणेवर 'बूट बीएसडी.एमपी' लिहा. पुढच्या वेळी मशीन पुन्हा जुन्याच कर्नलवर सुरू होईल. कर्नल आणि बेस एकाच आवृत्तीचे हवेत, ७.६ च्या बेसवर ७.७ चं कर्नल चढवू नका.

सगळं बरोबर, तरी मशीन मंद

टॉपमध्ये 'स्पिन' नावाचा रकाना असतो. कर्नलमधल्या कुलपासाठी ताटकळत गेलेला वेळ तिथे दिसतो. ओपनबीएसडीच्या कर्नलमध्ये एक मोठं सामाईक कुलूप आहे. एकेक सिस्टिम कॉल आणि नेटवर्कचे भाग त्यातून बाहेर काढण्याचं काम वर्षानुवर्षं चालू आहे, पण अजून सगळं बाहेर आलेलं नाही. स्पिनचा आकडा सतत मोठा राहत असेल तर आणखी प्रोसेसर देऊन उपयोग नाही, उलट ताटकळणारे वाढतील. व्हर्च्युअल मशीन असेल तर प्रोसेसर कमी करून मोजून बघा. कधीकधी आठांपेक्षा चारावर काम लवकर उरकतं.

स्पिन नगण्य आहे आणि एकच ओळ शंभरवर आहे, तर तुमचा प्रोग्रामच एका थ्रेडचा आहे. कंपाइल करताना 'मेक -जे४' असं सांगावं लागतं, नाहीतर मेक एका वेळी एकच काम करतो.

आणि मशीन सुरूच होत नसेल, म्हणजे 'सीपीयू१: फेल्ड टू बिकम रेडी' असा संदेश येऊन अडत असेल, तर बूटच्या खुणेवर 'बूट बीएसडी.एसपी' लिहून एका कोअरवर आत शिरा. बोर्डाचं बायोस अद्ययावत करा आणि 'एफडब्ल्यू_अपडेट' चालवून प्रोसेसरचा मायक्रोकोडही नवा घ्या. तरीही अडलं तर रूट म्हणून 'सेंडबग -पी' (यातला पी मोठा) चालवा. डीमेसेज आणि एसीपीआयचे तक्ते त्यात आपोआप जोडले जातात. अडलेल्या क्षणी स्क्रीनवर काय दिसत होतं त्याचा मजकूर वर लिहून तो अहवाल विकासकांना पाठवा.